बेडकाच्या हातांची वही

सरांनी बेडकाला कधी हात लावला नव्हता. आमच्या प्राणिशास्त्र विभागात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, मला आणि शिपाई भाऊंना. दोन वर्षं आम्ही ती झाकून ठेवली. मग मी ती भर बाजारात उघडी पाडली. आता केस पिकायला लागलेत, पण त्याचं वाईट मला अजून वाटलेलं नाही.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. आम्ही ब्रह्मपुरीचे. अब्बांचं बाजारात तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. धान्य दुकानांचे मोठे काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, सगळं त्यांच्याकडे यायचं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे विभागप्रमुख सर पीएच.डी. करत होते, ती झाल्याशिवाय त्यांची बढती अडलेली होती. विषय होता, विणीच्या हंगामात नर भेकाच्या स्नायूंत होणारे बदल. भेक म्हणजे आपला खरबरीत पाठीचा, अंगणात दिव्याखाली किडे खाणारा बेडूक. विषय सरांचा, पण बेडूक दिसला की ते दोन पावलं मागे सरत. एकदा ट्रेमधला बेडूक टेबलावर उडाला तेव्हा ते खुर्चीवर चढले होते आणि आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत उभे राहिलो होतो.

तेव्हा काम आमच्यावर आलं. सर म्हणाले, "तू मापं घे. पास झालीस की प्रयोगशाळा सहायकाची जागा निघणार आहे. ती तुझीच समज."

बेडूक भाऊ आणत. भाऊ कुरखेड्याजवळच्या जंगलातल्या गावचे, गोंड. शनिवारी जीपने गावी जात आणि सोमवारी झाकणाच्या बादलीत, ओल्या पोत्यात गुंडाळून बेडूक घेऊन येत. महिन्याला सहा नर, आणि ताडून बघायला एखादी मादी. क्लोरोफॉर्म मी द्यायची, चिरायची मी, आणि पुढच्या पायातला, म्हणजे बेडकाच्या हातातला, मनगट आत वळवणारा स्नायू सोडवून वजन करायची मी. कॉलेजचा काटा बंद होता. अब्बांनी एका सोनाराचा जुना काटा नीट करून दिला होता. पापण्या न हलवता वजन कसं करायचं हे मी लहानपणीच शिकले होते.

सरांनी विषय पुस्तकातून घेतला होता. मला तो भाऊंनी शिकवला. आषाढात एका सकाळी मी त्यांच्या गावी, त्यांच्या आणि त्यांच्या बायकोबरोबर, बोडीवर म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर गेले. रात्रभर ओरडून बेडूक दमले होते, पण जोड्या अजून काठाच्या गवतात होत्या. मादी खाली, नर तिच्या पाठीवर, आणि नराचे दोन्ही हात तिच्या काखेत रुतलेले. मागून काळ्या मण्यांच्या दोऱ्यासारखी अंडी पाण्यात सुटत होती. दुसरे दोन नर त्या नराला लाथा मारत होते, ओढत होते. तो ढिम्म.

"वढून पाह्य बाई," भाऊ म्हणाले.

मी नराला ओढलं. मादीही त्याच्याबरोबर वर आली.

"हात तुटल, पन सोडनार नाई," भाऊ म्हणाले. "आता याचा हात पाह्य. अन् मंग दिवाळीले पाह्य. दिवाळीले नुसती काडी राह्यते."

"काऊन भाऊ?"

"काऊन म्हंजे? दिवाळीले कोनाले धरनार हाय तो?"

भाऊ हसले. मी हसले नाही, कारण वहीत तेच दिसायला लागलं होतं. डिसेंबरात ज्या स्नायूनं पारडं जेमतेम हलायचं, त्याच स्नायूनं जूनमध्ये ते सरळ खाली जायचं. अंगठ्यावर काळे, खरखरीत गादीसारखे डाग यायचे, ओली मादी निसटू नये म्हणून. दिवाळीपर्यंत डागही पुसट, हातही बारीक. मादीचे हात मात्र बाराही महिने सारखेच.

माझ्या मनात मग दोन शंका आल्या. पावसाळ्यात किडे भरपूर, तर बेडूक नुसता खाऊन सगळीकडूनच फुगत असेल का? म्हणून मी त्याच बेडकांच्या मागच्या मांडीचाही एक स्नायू तोलायला लागले. मांडी जवळपास आहे तशीच राहायची. दुसरी शंका अशी, की मादीला धरून धरून हात भरत असतील का? म्हणून एप्रिलमध्ये कॉलेजच्या मागच्या रिकाम्या हौदात पाच नर वेगळे ठेवले. ओलं पोतं, वाळवीचे किडे, वरून जाळी. मादी नाही, झटापट नाही. जूनमध्ये त्यांचेही हात भरले. बाहेरच्यांसारखेच. म्हणजे कुणाला धरण्याआधीच, रक्तातून कुठून तरी हुकूम सुटत होता.

मी धावत सरांकडे गेले. ते हसले. "पहिलवान आखाड्यात घुमतो म्हणून त्याचे दंड भरतात. व्यायाम आहे तो. निसर्गात फुकट काही मिळत नाही."

"पण सर, हे आखाड्यात जायच्या आधीच..."

"वही नीट ठेव. डोकं मी चालवतो."

त्या दिवसापासून मी दोन वह्या ठेवल्या. विभागाची लांब वही सरांच्या कपाटात राहायची. तिच्यात फक्त हातांची वजनं. मांडीची आणि हौदातल्या नरांची नोंद मी माझ्या दोनशे पानी वहीत करायची आणि ती घरी न्यायची. तेव्हा त्यात कपट नव्हतं. माझं हसं झालं होतं, एवढंच.

मी पास झाले, आणखी वर्षभर बिनपगारी काम केलं. सहायकाची जागा निघाली आणि सरांच्या मेहुण्याला मिळाली. तेही मी गिळलं. मग एका दुपारी सरांच्या टेबलावर एक छापील अंक दिसला. माझे सगळे आकडे त्यात होते, मी काढलेली बेडकाच्या हाताची आकृतीसुद्धा होती. नाव एकच होतं, सरांचं.

"सर, यात माझं नाव राहून गेलं का?"

त्यांनी चष्मा पुसला. "आकडे उतरवणाऱ्याचं नाव लागत नसतं."

"आणि भाऊंचं?"

या वेळी ते इतके मोठ्यानं हसले की दारात उभे असलेले भाऊ आत डोकावले.

मी म्हणाले, "मी प्राचार्यांना विचारेन." तिथे माझं चुकलं. जे करायचं ते आधी सांगू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

तिसऱ्या दिवशी सर अब्बांच्या दुकानात गेले. चेहऱ्यावर काळजी. अब्बांनी ते बोलणं मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं. "तुम्ही साधी माणसं. मला राहवलं नाही म्हणून आलो. तुमची मुलगी दिवसभर बेडकांचं मिलन बघत बसते. शिपायाबरोबर जंगलात जाते. मी कितीदा सांगितलं, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. उद्या लग्नाच्या वेळी लोक बोलतील."

अब्बा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उलट बोलले असते. त्यांनी फक्त संध्याकाळी विचारलं, "बेटा, तू वहाँ यही देखती है?"

मी म्हणाले, "हाँ." खोटं कसं बोलणार? तेच तर बघत होते.

सकाळी माझ्या सायकलची किल्ली खिळ्यावर नव्हती. ती त्यांच्या गल्ल्याच्या खणात होती. एम.एस्सी.चा अर्ज भरायचा राहिला. मी दुकानात बसून काट्यांचा गंज घासायला लागले.

त्या महिन्यांत मी मनात काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. सरांच्या स्कूटरच्या डिकीत बेडूक भरले. निनावी पत्रं लिहिली, फाडली. त्यांच्या मेहुण्याच्या जेवणाच्या डब्याबद्दलही काही विचार केले. एमरी पेपरनं लोखंड घासताना मला वाटायचं, माझा राग असाच चकचकीत होत चाललाय. अम्मी म्हणायची, "इतना मत घिस, काटा झूठ बोलने लगेगा." रात्री मी माझी वही उशीखाली घेऊन झोपायची. काही करायला नव्हतं, पण ती माझ्याकडे होती आणि सरांकडे नव्हती.

पुढच्या जुलैत एका दुपारी भाऊ दुकानाशी आले. छत्री मिटत म्हणाले, "बाई, शनवारी सरायचं भाशन हाय. मोठ्या हालमधी. प्रबंध देयाच्या आधी सगळ्यायपुढं मांडा लागते म्हने. भायेरून एक म्हातारी मॅडम येनार हाय, तपासाले."

मी अब्बांना म्हणाले, "एक दिवस किल्ली द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खण उघडला.

हॉल अर्धा भरला होता. मी शेवटच्या रांगेत बसले, वही पिशवीत. भाऊ दाराशी पाण्याचा जग घेऊन उभे. सर सुंदर बोलले. पडद्यावर माझी आकृती पडली. पहिलवान, आखाडा, व्यायाम, सगळं आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बाहेरून तपासायला आलेल्या बाई उठल्या. बुटक्या, पांढरे केस, जाड चष्मा, आवाज अगदी हळू.

"तुमच्या तक्त्यात जूनच्या पहिल्या आठवड्यातच हात भरलेले आहेत. तेव्हा पाऊस झाला होता?"

सरांनी कागद चाळले. "नाही, पाऊस पुढे झाला."

"पाऊस नाही म्हणजे मिलन नाही. मग हे पहिलवान कुठल्या आखाड्यात गेले?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत, आणि मी तो त्यांना कधी सांगितलाही नव्हता.

"दुसरं," त्या म्हणाल्या. "प्राणी अंगानंच भरला नसेल कशावरून? मागच्या पायांची मापं?"

"ती... घेतली आहेत."

"कुठे आहेत?"

"विद्यार्थिनीकडे. एका विद्यार्थिनीनं मदत केली होती. तिचं लग्न झालं, ती आता इथे नसते."

भाऊंच्या हातातला जग हिंदकळला. मी उभी राहिले.

"मी इथेच आहे. माझं लग्न झालेलं नाही."

सगळ्या माना वळल्या. सरांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचाही नाही. बाईंनी मला जवळ बोलावलं.

"हात मिलनाच्या आधीच भरतात, हे तू पाहिलंस?"

"हो. मादीशिवाय ठेवलेल्या नरांचेही भरले."

त्यांनी चष्मा काढला. "नोंदी आहेत?"

"आहेत. मांडीच्याही आहेत."

"दाखव."

पिशवी माझ्या खांद्यावर होती. वहीचा कोपरा बाहेर दिसत होता. भाऊ दारातून मान हलवत होते, दे, दे.

"नाही दाखवणार," मी म्हणाले.

"का?"

"सरांनी माझ्या अब्बांना दुकानात येऊन सांगितलं, हे बघणं मुलीला शोभत नाही. म्हणून माझं कॉलेज सुटलं. जे बघणं शोभत नाही, ते सांगणं तरी कसं शोभेल?"

बाईंनी सरांकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे, आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. प्रबंध पुढे जाणार नाही. ही मापं जोडल्याशिवाय नाही. निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर आपला पत्ता लिहून माझ्या हातात दिला. "राग उतरला की लिही," म्हणाल्या. "नाही उतरला तरी लिही."

मी सायकलवरून घरी आले आणि पोटभर जेवले. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

चार दिवसांनी दुकानासमोर स्कूटर थांबली. पाऊस रिपरिप चालू होता. अब्बांनी सरांना स्टूल दिलं, चहा मागवला. सर म्हणाले, "तुमची मुलगी फार हुशार आहे. माझ्या बोलण्याचा गैरसमज झाला. एक वही आहे तिच्याकडे, तिच्याच भल्याची. तिचं नाव मी आभारात घालीन."

मी आतल्या पडद्यामागे होते. मागच्या दाराशी, नळाच्या डबक्यात रोज दोन-तीन बेडूक बसत. मी त्यातला एक नर उचलला. अंगठ्यावर काळे डाग, गळा पिवळा. बाहेर आले.

"वही हवी ना सर? आधी हा हातात घ्या."

"हे काय..."

"दोन वर्षांचा अभ्यास आहे तुमचा. नर आहे की मादी, हात लावून सांगा. मग वहीचं बोलू."

शेजारचा सायकलवाला पुढे आला. बांगडीवाली काकी टोपली ठेवून बघायला लागली. सरांनी अब्बांकडे बघितलं. सरांनी ओठ घट्ट मिटून हात पुढे केला. मी बेडूक त्यांच्या बोटांवर ठेवला.

त्या दिवसांत नर समोर येईल त्याला धरतो. त्यानं सरांची दोन बोटं कवेत घेतली आणि आवळली.

सर किंचाळले. हात झटकत दुकानातून रस्त्यावर आले. बेडूक सुटला नाही.

"ओढू नका सर, आणखी घट्ट धरेल," मी म्हणाले. "बघा ना, कुठल्या आखाड्यात गेला होता ते विचारा त्याला."

लोक हसत होते. सर भिजत रस्त्यावर उभे, हात अंगापासून लांब धरलेला, त्यावर तो बेडूक. त्यांचे डोळे भरून आले होते. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. "अब्बा, मी बघायचं नव्हतं ना? आता सगळा बाजार बघून राह्यला."

"बस, बेटा," अब्बा म्हणाले.

ते उठले. सरांचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि काट्याची सुई सोडवावी तसं बेडकाचं एकेक बोट सोडवलं. मग बेडूक उलटा करून त्याचा हात डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यानं चाचपला.

"कितनी ताकत है," ते स्वतःशीच म्हणाले. मग सरांना विचारलं, "आप उस दिन इसी की बात कर रहे थे?"

सरांनी मान डोलावली.

"इसमें शरम की क्या बात थी?"

सर स्कूटरकडे गेले. ती तीन-चार किकनंतर सुरू झाली. वही मी दिली नाही. अब्बांनी बेडूक डबक्यात सोडला, हात धुतले, आणि गल्ल्याच्या खणातली किल्ली माझ्यासमोर ठेवली.

इथे संपलं असतं तर मी सुखी झाले असते. पण सरांना माझं काही करता येत नव्हतं, भाऊंचं येत होतं. आठ दिवसांत त्यांना विभागातून काढून फाटकावर उभं केलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ती त्यांनी ऊन-पावसात काढली. मी भेटायला गेले तेव्हा ते रागावले नव्हते. नुसतं म्हणाले, "सूड तुहा झाला बाई, पाय माह्ये दुखून राह्यले."

मी म्हणाले, "भाऊ, मी वही देऊन टाकू का? सरांना सांगते, तुम्हाला परत आत घ्या."

त्यांनी बिडी विझवली. "आता नोको देऊ. दिली तं माह्यं उभं राह्यनं फुकट जाईल."

मी त्या बाईंना पत्र लिहिलं. त्यांच्याकडे दोन वर्षं राहून एम.एस्सी. केलं. ती दोनशे पानी वही तिथे टेबलावर उघडली. त्यातून एक छोटा लेख झाला, एका साध्या अंकात आला. त्यावर दोन नावं होती. आधी भाऊंचं, मग माझं. बाई म्हणाल्या, असं करत नसतात. मी म्हणाले, मला माहीत आहे. अंक घेऊन मी कुरखेड्याला गेले. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या मुलीनं नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सरायनं पाह्यलं का हे?"

"मी रजिस्टरनं पाठवलंय."

तेव्हा ते हसले, दात दिसेपर्यंत.

सरांनी पुढे दुसऱ्याच विषयावर, दुसऱ्याच ठिकाणी पदवी मिळवली असं ऐकलं. मी एटापल्लीला शाळेत शिकवायला लागले होते. एकदा सुट्टीहून परतताना ब्रह्मपुरीच्या स्टँडवर ते भेटले. केस गेलेले, हातात औषधांची पिशवी. मला ओळखून जवळ आले.

"माझी सहा वर्षं वाया घालवलीस तू," म्हणाले.

"हो सर."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी तुझ्या वडिलांना जे सांगितलं, ते चुकीचं होतं. मला तेव्हाही माहीत होतं."

वर्षानुवर्षं मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघितली होती. ते ऐकून मन हलकं होईल, असं धरून चालले होते. काही झालं नाही. फाटकावर उभे असलेले भाऊ डोळ्यांसमोर आले. ते मागच्याच उन्हाळ्यात गेले होते.

"हे भाऊंना सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

गडचिरोलीची गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले. ते खाली उभे राहिले, हात थोडा वर करून. मी हात हलवला नाही. कंडक्टर आला, मी तिकीट काढलं.